भुयारी कोळसा खाणींची अखेर आणि खाणीमागे उरणारी गावे

निपाणीच्या बाजारपेठेत सायंकाळी दिवे लागतात, चिकोडी तालुक्यातील विहिरींवरचे पंप सुरू होतात, बेळगावच्या उद्यमबागेतील यंत्रे फिरू लागतात. या विजेचा काही अंश रायचूर जिल्ह्यातील शक्तिनगर येथे कोळसा जाळून निर्माण झालेला असतो. १९८५ साली पहिला संच सुरू झालेले आणि आज १,७२० मेगावॅट क्षमतेचे असलेले हे औष्णिक विद्युत केंद्र कृष्णेच्या काठी वसले आहे. आपल्या भागातील वेदगंगा व दूधगंगा यांचे पाणी कृष्णेस मिळते आणि पुढे तेच या केंद्राच्या उपयोगी पडते. पाणी आपल्याकडून जाते. कोळसा मात्र दुरून आणावा लागतो, कारण कर्नाटकात दगडी कोळशाची एकही खाण नाही. तेलंगण आणि ओडिशा या राज्यांप्रमाणेच महाराष्ट्रातील चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतूनही हा कोळसा येत आला आहे.

या खाणींचे रूप गेल्या अर्धशतकात पार पालटले आहे. ज्या भुयारी खाणींनी विदर्भात कोळशाचा उद्योग रुजविला, त्या एकामागून एक मिटत आहेत. खाण मिटते म्हणजे नेमके काय होते, ती का मिटते आणि तिच्या भोवती वसलेल्या गावांचे पुढे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. दगडाची, चुनखडीची किंवा बॉक्साइटची खाण ज्यांच्या शिवारात आहे, अशी गावे आपल्याही भागात आहेत. त्यांनाही हा विषय परका नाही.

आपल्या भूमीत कोळसा का नाही?

लोणारी कोळसा लाकूड जाळून करतात. दगडी कोळसा निसर्गानेच घडविलेला असतो. सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वी दलदलीत वाढलेली घनदाट वने चिखलाखाली गाडली गेली. वरच्या थरांचा भार आणि भूगर्भातील उष्णता यांमुळे त्यांचा कोळसा झाला. भारतातील बहुतेक कोळसा या काळातील खडकांत आढळतो. त्या खडकांना गोंडवन प्रदेशावरून ‘गोंडवना’ हे नाव मिळाले असून ते नाव आज जगभरच्या भूशास्त्रात रूढ आहे. वर्धा नदीचे खोरे, नागपूरजवळील कामठीचा परिसर आणि उमरेड येथे हे खडक कोळशासह सापडतात.

बेळगाव जिल्ह्याची घडण निराळी आहे. उत्तरेस व पश्चिमेस आपल्याला दिसणारा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. गोकाकचा धबधबा ज्या वालुकाश्मावरून कोसळतो, तो तर शंभर कोटी वर्षांहूनही जुना आहे. तो घडला त्या काळी भूमीवर वृक्षच नव्हते, मग कोळसा कोठून होणार? म्हणून दगडी कोळशाशी आपला संबंध आला तो रेल्वेच्या वाघिणीतून. मिरज-लोंढा मार्गावरची वाफेची इंजिने त्यावर धावली, आणि ओतकामाच्या कारखान्यांतील कुपोला भट्ट्या कोळशापासून केलेल्या कोकवर पेटल्या. त्यातील वाफेची इंजिने गेली. ओतकामातही विजेच्या भट्ट्यांचा प्रसार झाला. कोळशाचा वापर दृष्टीआड झाला, तरी विजेच्या तारांतून तो घरोघरी पोहोचतच राहिला.

वरोऱ्याची पहिली अखेर

विदर्भातील कोळसा खाणींचा इतिहास चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथून सुरू होतो. तेथील सरकारी खाण १८७१ च्या सुमारास सुरू झाली. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग टाकण्यात आला, तो मुख्यतः या कोळशासाठी. रेल्वेला इंधन हवे होते आणि कोळशाला रेल्वे हवी होती. पस्तीस वर्षांनी, १९०६ मध्ये ही खाण बंद झाली आणि कोळशाचा व्यवसाय दक्षिणेस बल्लारपूरकडे सरकला.

या पहिल्या खाणीच्या कथेतच पुढील सर्व खाणींची कथा सामावलेली आहे. शेतातले पीक दरवर्षी येते, जंगल राखले तर पुन्हा वाढते; खाणीत मात्र एकदा काढलेले पुन्हा येत नाही. म्हणून खाणीची अखेर हा अपघात मानता येणार नाही. खाणीचे पहिले घमेले भरले जाते, त्याच दिवशी तिच्या अखेरीचाही हिशेब सुरू होतो. प्रश्न असतो तो एवढाच की, हा हिशेब कोणी मांडून ठेवला आहे काय?

भुयारी खाण कशी चालते?

भुयारी खाणीत उभ्या विवरातून किंवा उतरत्या बोगद्यातून खाली जावे लागते. कोळशाचा थर सलग काढून घेतला तर वरचे छत कोसळेल. म्हणून थरात आडव्या-उभ्या वाटा खणतात आणि मधले चौकोनी खांब तसेच ठेवतात. वरून पाहिले असता त्याची रचना एखाद्या आखीव पेठेसारखी दिसेल. छताला लाकडी टेकू देत असत. पुढे पोलादी खिळ्यांनी छत बांधून घेण्याची पद्धत आली. परिसरातील सर्व वाटा खणून झाल्या की कामगार परतीच्या दिशेने येत खांबही काढून घेतात. जेथे वर गाव, रस्ता किंवा नदी असेल, तेथे पोकळीत पाण्याबरोबर वाळू सोडून ती भरावी लागते. वाळू भरली नाही आणि खांबही अशक्त राहिले, तर वरची जमीन आज ना उद्या खचते.

याखेरीज दोन शत्रूंशी अहोरात्र झुंज असते. एक म्हणजे मिथेन वायू. तो हवेत मिसळून पेट घेतो, म्हणून मोठ्या पंख्यांनी ताजी हवा आत खेळती ठेवावी लागते. दुसरा शत्रू पाणी. आजूबाजूच्या खडकांतून पाणी सतत खाणीत झिरपते आणि पंप बंद पडले की खाण बुडू लागते. कोळसा निघो अथवा न निघो, पंखे आणि पंप चालवावेच लागतात. भुयारी खाणीचा खर्च येथेच वाढतो.

भुयारी खाणी का मिटल्या?

स्वातंत्र्यानंतर अनेक वर्षे कोळशाचा धंदा बहुतांशी खाजगी मालकांच्या हाती होता. सहज हाती येईल तो चांगला कोळसा काढावयाचा आणि उरलेला तसाच टाकून पुढे जावयाचे, अशी कित्येक मालकांची रीत होती. कामगारांची मजुरी तुटपुंजी आणि सुरक्षिततेची व्यवस्था अपुरी असे. या परिस्थितीत केंद्र सरकारने कोकसाठी लागणाऱ्या कोळशाच्या खाणी १ मे १९७२ रोजी आणि अन्य खाणी १ मे १९७३ रोजी राष्ट्राच्या मालकीच्या केल्या. १ नोव्हेंबर १९७५ रोजी कोल इंडिया ही कंपनी अस्तित्वात आली. विदर्भातील खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स या तिच्या उपकंपनीकडे आल्या. तिचे मुख्यालय नागपूर येथे आहे. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, हिंदुस्थान लालपेठ ही नावे त्या काळी चंद्रपूर जिल्ह्यात प्रतिष्ठेच्या नोकरीची नावे होती.

राष्ट्रीयीकरणाच्या वेळी देशातील कोळशाचे वार्षिक उत्पादन सात-आठ कोटी टनांच्या घरात होते आणि त्यातील बहुतेक भुयारी खाणींतून येत असे. २०२४-२५ या वर्षात देशाच्या उत्पादनाने शंभर कोटी टनांचा टप्पा ओलांडला. मात्र भुयारी खाणींचा वाटा शंभरात चारांहूनही कमी उरला. म्हणजे आपल्या देशात कोळशाचे उत्पादन घटलेले नाही. कोळसा काढण्याची एक संपूर्ण रीत आणि तिच्यावर उभी असलेली वस्त्यांची जीवनपद्धती मावळली आहे. यामागची कारणे थोडक्यात पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिले कारण उत्पादकतेचे. भुयारी खाणीत एका पाळीमध्ये एका कामगारामागे जेमतेम एक टन कोळसा निघतो. खुल्या खाणीत वरची माती व खडक अजस्र यंत्रांनी बाजूला सारून कोळसा उघडा करतात. तेथे हेच प्रमाण दहा टनांहून अधिक असते. त्यामुळे अनेक भुयारी खाणींत कोळसा काढण्याचा खर्च त्याच्या विक्रीच्या किमतीहून जास्त झाला.

दुसरे कारण ग्राहकाचे. पूर्वी रेल्वे आणि कापडगिरण्या हे कोळशाचे मोठे ग्राहक होते. रेल्वेने डिझेल व वीज स्वीकारली आणि गिरण्यांचे दिवसही पालटले. त्यांची जागा औष्णिक विद्युत केंद्रांनी घेतली. अशा केंद्राला दिवसरात्र प्रचंड प्रमाणात कोळसा लागतो आणि तो खुली खाणच पुरवू शकते.

तिसरे कारण निसर्गाचे. जवळचे थर संपले की खाण खोल जाते, वाटा लांबतात, पाणी वाढते आणि धोकाही वाढतो.

या सर्वांचा परिणाम मनुष्यबळावर झाला. कोल इंडियाच्या आरंभीच्या काळात सहा लाखांहून अधिक कामगार तिच्या पटावर होते. २०२५ च्या सुमारास ही संख्या सव्वादोन लाखांपर्यंत उतरली. उत्पादन कित्येक पटींनी वाढले आणि हात मात्र निम्म्याहून कमी लागले, हा या उद्योगाचा अर्धशतकाचा ताळेबंद आहे.

खाण बंद झाली म्हणजे कायम कामगारास एकदम घरी बसविले जाते, असे नाही. त्याची बहुधा दुसऱ्या खाणीत बदली होते किंवा तो स्वेच्छानिवृत्ती घेतो. कागदोपत्री हानी अल्प दिसते ती यामुळेच. परंतु कंत्राटी मजूर, टेकूचे लाकूड पुरविणारा, पाळी सुटण्याच्या वेळेवर चहाचे दुकान चालविणारा, खाणीच्या वसाहतीत दूध घालणारा शेतकरी यांची कोठेच बदली होत नाही. खाण बंद झाल्याचा खरा भार याच मंडळींवर पडतो.

मिटलेली खाण निद्रिस्त असते, मृत नव्हे

ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथील आमराई वस्तीत एक घर पाहता पाहता जमिनीत खोल गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. ही वस्ती जुन्या भुयारी खाणीच्या पोकळीवर होती. आसपासच्या कुटुंबांना तातडीने घरे सोडावी लागली. कोळसा केव्हाच निघून गेला होता. धोका मागे राहिला होता.

बिहारातील, आताच्या झारखंडातील, झरिया क्षेत्रात भूगर्भातील आग प्रथम १९१६ साली नोंदली गेली. अशास्त्रीय रीतीने खणून सोडून दिलेल्या खाणींत हवा शिरली, कोळसा आतल्या आत पेटला आणि शतक उलटले तरी ही आग पूर्णपणे विझलेली नाही. त्याच कोळसाक्षेत्रातील चासनाला येथे २७ डिसेंबर १९७५ रोजी वरच्या बाजूच्या जुन्या कामांत साठलेले पाणी फुटून खाणीत घुसले आणि साडेतीनशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. या दुर्घटनांचा इशारा स्पष्ट आहे. मिटलेल्या खाणीचा बिनचूक नकाशा जपून ठेवणे, ही तिच्यावर व तिच्या शेजारी राहणाऱ्यांच्या जीविताची बाब आहे.

खुली खाण घरे गिळत नाही, पण तिचेही प्रश्न आहेतच. मातीचे कृत्रिम डोंगर, पाण्याने भरलेले प्रचंड खड्डे आणि विहिरींची खालावलेली पातळी हे सर्व खाण बंद झाल्यावरही मागे राहते. वेल्समधील अॅबरफान या खाणगावी २१ ऑक्टोबर १९६६ रोजी खाणीच्या मातीचा ढिगारा घसरून शाळेवर आला आणि १४४ जणांचा बळी गेला. त्यांत ११६ बालके होती.

बरांज : कर्नाटकाची खाण, मराठी गाव

चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील बरांज येथील खाणींचा वृत्तांत आपल्या वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा असा आहे. हे कोळशाचे पट्टे आपल्या राज्याच्या कर्नाटक विद्युत निगमास २००३ साली मिळाले होते. येथील कोळसा बळ्ळारी जिल्ह्यातील कुडतिनी येथील औष्णिक केंद्रासाठी येत असे. जमीन मराठी शेतकऱ्याची, वीज कन्नड मुलखाची, आणि त्या विजेच्या जाळ्यात बेळगाव-निपाणीही आलेच.

१९९३ पासून देशभर झालेले कोळसापट्ट्यांचे वाटप सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये अवैध ठरविले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी दोनशेहून अधिक पट्टे रद्द केले. ज्या खाणी त्या वेळी चालू होत्या, त्यांना ३१ मार्च २०१५ पर्यंतची मुदत देण्यात आली. बरांजचे काम त्यानुसार थांबले. खाणीत कोळसा भरपूर शिल्लक होता, विद्युत केंद्राला त्याची गरज होती, कामगार कामाला तयार होते; तरीही खाण बंद झाली. हे पट्टे पुढे नव्या कायद्यानुसार त्याच निगमास पुन्हा मिळाले, परंतु उत्खनन सुरू होण्यास काही वर्षे लागली.

या मधल्या काळात ज्यांनी जमीन देऊन नोकरी पत्करली होती, त्यांच्या हाती ना शेत राहिले, ना मजुरी. गावाच्या पुनर्वसनाचा प्रश्न खाण पुन्हा सुरू झाल्यावरही धुमसत राहिला. न्यायालयाचा निर्णय सार्वजनिक संपत्तीच्या रक्षणासाठी होता आणि त्याचे औचित्य वादातीत आहे. परंतु खाण केवळ कोळसा संपल्यानेच बंद पडते, हा समज बरांजने खोटा ठरविला. न्यायालयाचा आदेश, बाजारभाव, इंधनाचा नवा प्रकार यांपैकी कोणत्याही कारणाने खाण एका दिवसात थांबू शकते. जमिनीच्या मोबदल्याची बोलणी करताना ग्रामस्थांनी ही शक्यता प्रथम विचारात घ्यावी.

इतर राष्ट्रांनी खाणी कशा मिटविल्या?

युरोपातील काही राष्ट्रांनी आपल्या भुयारी कोळसा खाणी पूर्णपणे बंद केल्या आहेत. त्यांच्या रीती मात्र भिन्न होत्या.

नेदरलँड्सच्या लिंबुर्ग प्रांतात सुमारे पंचेचाळीस हजार लोक खाणींत काम करीत असत. १९५९ साली त्या देशाच्या उत्तर भागात नैसर्गिक वायूचा फार मोठा साठा सापडला आणि कोळशाचे दिवस भरले. तेथील अर्थमंत्री योप डेन आउल यांनी १७ डिसेंबर १९६५ रोजी हेरलेन या खाणींच्या शहरी स्वतः जाऊन, सर्व खाणी टप्प्याटप्प्याने बंद होतील असे जाहीर केले. त्याच वेळी पर्यायी रोजगाराचे आश्वासनही दिले. सरकारी कार्यालये त्या भागात हलविण्यात आली, मोटारींचा कारखाना निघाला, मास्त्रिख्त येथे विद्यापीठ स्थापन झाले. अखेरची खाण १९७४ च्या डिसेंबरात मिटली. एवढी तजवीज करूनही त्या प्रांताला बेकारीचे चटके अनेक वर्षे सोसावे लागले. पुढे हेरलेनने बुडालेल्या खाणींतील कोमट पाणी वर काढून त्यावर इमारती उबदार ठेवण्याची योजना २००८ पासून अमलात आणली.

ब्रिटनमध्ये १९४७ साली खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, तेव्हा सुमारे सात लाख खाणकामगार होते. १९८४ च्या मार्च महिन्यात खाणी बंद करण्याच्या प्रश्नावरून संप सुरू झाला आणि तो वर्षभर चालून कामगारांच्या पराभवात संपला. त्यानंतर खाणी झपाट्याने बंद झाल्या, परंतु त्यांची जागा घेईल असे काम खाणगावांना मिळाले नाही. केलिंगली ही अखेरची मोठी भुयारी खाण १८ डिसेंबर २०१५ रोजी मिटली आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्रही थांबले.

जर्मनीने २००७ साली ठरविले की, दगडी कोळशाच्या खाणी २०१८ पर्यंत मिटवावयाच्या, आणि २१ डिसेंबर २०१८ रोजी बोट्रॉप येथील शेवटची खाण बंद केली. खाणकामामुळे रूर भागातील जमीन ठिकठिकाणी बरीच खचलेली आहे. पंप थांबविले तर वस्त्यांत पाणी साचेल. म्हणून खाणी मिटल्या तरी पंप कायम चालवावे लागणार आहेत. हा खर्च भागविण्यासाठी एक स्वतंत्र निधीसंस्था उभारण्यात आली. खाणीतून मिळालेले धन काही पिढ्यांचे, तर तिचा खर्च सर्व पिढ्यांचा, ही गोष्ट त्या राष्ट्राने हिशेबाच्या वहीत रीतसर मांडली.

कोलारचा अनुभव

आपल्या राज्यालाही खाणी मिटण्याचा मोठा अनुभव आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणी १८८० च्या दशकापासून भरभराटीस आल्या. त्यांच्यासाठी शिवनसमुद्र येथून १९०२ साली वीज आणण्यात आली. तीन किलोमीटरहून अधिक खोल गेलेल्या या खाणी जगातील अतिखोल खाणींत गणल्या जात. धातूचे प्रमाण घटले, खर्च वाढला आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी काम थांबले. तेथील अनेक कुटुंबांतील माणसे आजही रोज रेल्वेने बंगळूरला कामासाठी ये-जा करतात. सायनाइडचा वापर करून सोने काढून घेतल्यावर उरलेल्या मातीचे ढीग गावाभोवती उभे आहेत आणि वारा सुटला की त्यांची धूळ घरांत येते. कोलारजवळ बंगळूरसारखे महानगर होते, म्हणून माणसांना निदान वाट सापडली. ज्या खाणगावाजवळ असे महानगर नसेल, त्याने काय करावे?

शासकीय तजवीज

हा प्रश्न ध्यानी घेऊन केंद्र सरकारच्या कोळसा मंत्रालयाने २००९ साली खाण मिटविण्याच्या आराखड्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांनुसार खाण सुरू करतानाच ती कशी मिटविणार, याचा आराखडा सादर करावा लागतो. त्यासाठी कंपनीला एस्क्रो नावाच्या बांधील खात्यात दरवर्षी रक्कम ठेवावी लागते. ती अन्य कामासाठी काढता येत नाही. २००९ च्या किमतींनुसार खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये आणि भुयारी खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये असा हिशेब होता. पुढे हे दर वाढविण्यात आले. २०२५ च्या आरंभी ही तत्त्वे नव्याने मांडण्यात आली आणि त्यांत खाणीवर अवलंबून असणाऱ्या लोकांच्या भवितव्याकडे अधिक लक्ष देण्यात आले आहे.

चुनखडी, बॉक्साइट यांसारख्या खनिजांसाठी २०१७ च्या नियमांनुसार अंतिम आराखडा खाण बंद होण्यापूर्वी दोन वर्षे सादर करावा लागतो. त्याचप्रमाणे २०१५ च्या कायदादुरुस्तीने प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद झाली. खाणपट्टाधारकांकडून स्वामित्वधनाच्या प्रमाणात मिळणारा हा निधी पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण व रोजगार यांसाठी वापरावयाचा असतो.

विधायक उदाहरणेही आहेत. नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे खाणीच्या जागेवर उद्यान करून लोकांना खाणीचे काम पाहण्याची सोय करण्यात आली. पाटणसावंगी येथे खाणीतून उपसलेले पाणी शुद्ध करून पिण्यायोग्य करण्याचा प्रकल्प उभा राहिला. ही उदाहरणे संख्येने थोडी असली, तरी खाणीच्या शत्रूला, म्हणजे पाण्यालाच कामास कसे लावता येते, हे त्यांवरून दिसते.

आपल्या भागासाठी बोध

बेळगावजवळ यमनापूर येथे अॅल्युमिना करण्याचा कारखाना आहे आणि कोल्हापूर जिल्ह्यातील डोंगरमाथ्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या आहेत. जिल्ह्याच्या पूर्वभागात चुनखडी निघते. दगडाच्या खाणी तर तालुक्या-तालुक्यांत आहेत. कोळशाच्या खाणींच्या अखेरीपासून या सर्वांना तीन गोष्टी शिकता येतील.

पहिली गोष्ट नकाशाची. गावाच्या हद्दीत खणलेल्या प्रत्येक खाणीचा विस्तार, खोली आणि ती बंद झाल्याचे वर्ष यांची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी असावी. घरांच्या जागा देताना ही नोंद पाहावी. कुंपण नसलेला पाण्याचा खड्डा दिसल्यास तो लेखी कळवावा. पावसाळ्यात मुले तेथे पोहायला जातात.

दुसरी गोष्ट पैशाची. खाणीच्या परवानगीपूर्वी जाहीर सुनावणी असेल, तेव्हा ग्रामस्थांनी मोबदल्याबरोबरच खाण मिटविण्याच्या आराखड्याविषयीही विचारावे. खड्डा कोण भरणार, वरची सुपीक माती कोठे साठवून ठेवणार, झाडे कोण जगविणार आणि त्यासाठी किती रक्कम बाजूला ठेवली आहे, हे प्रश्न विचारण्यास अधिकार लागत नाही. संबंधित अधिकाऱ्यांनी त्यांची उत्तरे सोप्या भाषेत, ग्रामस्थांना समजेल अशा रीतीने द्यावीत.

तिसरी गोष्ट कामाची. खाणीचे उत्पन्न चालू असतानाच गावाने दुसरी उपजीविका उभी करावयास हवी. खाण बंद पडल्यावर ती उभारण्यास गावाजवळ ना पैसा उरतो, ना उत्साह. शिक्षकांनी खाणगावातील मुलांना खाणीबाहेरच्या व्यवसायांची ओळख लवकर करून द्यावी, हे त्या दृष्टीने फार मोलाचे ठरेल. गोकाकचा वालुकाश्म, निपाणीच्या आसपासचा काळा पाषाण आणि चंद्रपूरचा कोळसा यांचे नमुने शेजारी शेजारी ठेवून भूगोलाचा एक तास घेतला, तर हा विषय मुलांच्या मनात पक्का ठसेल.

ग्लासगो येथील परिषदेत २०२१ साली भारताने २०७० पर्यंत कर्बवायूचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. २०२४-२५ मध्ये देशातील सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशापासून मिळत होती. दुसरीकडे तुमकूर जिल्ह्यातील पावगड येथे २,०५० मेगावॅट क्षमतेचे सौर उद्यान आपल्याच राज्यात उभे राहिले आहे. तेव्हा आज भुयारी खाणींची जी अखेर होत आहे, ती पुढील काही दशकांत खुल्या खाणींवरही येणार, हे उघड आहे. आपला दिवा त्या वेळी कदाचित सूर्याच्या बळावर लागेल. परंतु ज्या गावांनी आपली शेते देऊन इतकी वर्षे तो लावला, त्यांची विहीर, त्यांची जमीन आणि त्यांच्या मुलांचे काम यांची सोय आजच लावून ठेवणे, हे वीज वापरणाऱ्या आपणा सर्वांचे कर्तव्य होय.